गोजरबाईचा पदर

१

बहिरू लोहकरे गेला त्यात एरवी कुणाला वावगं काही वाटलंच नसतं. लकव्यानं उजवं अंग लुळं पडलेलं, बोलणं तुटक, दोन पावसाळे खाटेवर काढलेले. असा माणूस गेला तर ‘सुटला बिचारा’ म्हणून करवंदवाडी चार दिवस हळहळली असती आणि पुन्हा भात झोडायला लागली असती.

पण त्या दिवशी गोजरबाई उन्हं कलताना खळ्यावरून घरी आली, नवऱ्याच्या अंगावरच्या घोंगड्या तिनं बाजूला केल्या, आणि त्याच्या डोक्याकडे नजर जाताच ती अशी किंचाळली की खळ्यावरचे हात थांबले. बहिरूच्या डोक्याची उजवी बाजू, कानाच्या वर, तळहाताएवढी भादरलेली होती. तिथल्या गुळगुळीत कातडीवर सुई टोचल्याच्या दोन खुणा होत्या. आणि कापलेल्या केसांचा एक तुकडाही घरात कुठे सापडला नाही.

बाप मेल्यावर पोरगा डोकं भादरतो. जित्या माणसाचं अर्धंच डोकं भादरून केस पळवून नेलेले कुणी पाहिले नव्हते. बहिरूचा धाकटा भाऊ दादाभाऊ तर उंबऱ्यातच ओरडला, “करणी केली कुणीतरी! केस न्हेलं ते त्याच्यासाठीच!”

घोडेगावहून पोलीस आले. त्यांना करणीत रस नव्हता. त्यांनी घर उचकलं आणि रिकाम्या कणगीच्या तळाशी त्यांना एक डबी सापडली. जेवणाच्या डब्याएवढी, काळी, तिला दोन तारा आणि तारांच्या टोकाला सुया. बहिरूची मुलगी रत्ना ज्या प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करायची, तिथली ती डबी होती. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी ती हरवल्याचं त्याच दिवशी कळवलं होतं.

दिवेलागणीला बापाचं प्रेत शवविच्छेदनाला गेलं आणि पोरगी चौकीत.

२

डॉ. मोहिनी डुंबरे ही जनावरांची डॉक्टर. माहेर ओतूरचं, पन्नाशीची, आणि जिभेला धार अशी की बैलसुद्धा तिच्या आवाजानं सरळ उभे राहतात असं लोक गमतीनं म्हणत. बहिरू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी घोडेगावचे फौजदार चांगदेव शेळके आपला अल्सेशियन घेऊन तिच्या दवाखान्यात आले. कुत्र्याच्या पोटावरची गाठ काढायची होती.

“काही खाल्लंय का यानं?” मोहिनीनं विचारलं.

“थोडं दूध-चपाती. उपाशी बघवंना हो डॉक्टर.”

“मग घेऊन जा घरी. काल काय सांगितलं होतं मी? भुलीत पोटातलं वर आलं आणि श्वासनळीत उतरलं की खेळ खलास. तुमची माया त्याच्या जिवावर उठेल.”

फौजदार ओशाळले, पण गेले नाहीत. मुळात त्यांना दुसऱ्याच कामासाठी बोलायचं होतं. त्या प्रयोगशाळेत प्राण्यांचे हाल होऊ नयेत म्हणून एक समिती होती आणि मोहिनी तिची बाहेरची सदस्य. चांगदेवला उंदरांचं आणि विजेचं काही कळत नव्हतं.

“तिथं उंदरांना मुद्दाम लकवा आणतात,” मोहिनी म्हणाली. “मग मेंदूला अगदी बारीक करंट देऊन बघतात की लुळा पंजा परत चालतो का. काहींचा चालतोही.”

“म्हणजे झालं की! पोरीनं डबी चोरली, बापावर प्रयोग केला. करंटनं आकडी आली, आकडीत गुदमरला. श्वासनळीत भात सापडलाय. रजेवर होती ती त्या दिवशी, आणि दुपारी घरी जाताना तिला लोकांनी पाहिलंय.”

“रक्ताचं काय?”

“पुण्याला गेलंय. ते येईपर्यंत पोरगी येरवड्यात बसेल.”

मोहिनीनं हात धुतले. तिला रत्ना आठवत होती. आजारी उंदराला ओंजळीत धरून उबेला बसणारी मुलगी. “मला तिला एकच प्रश्न विचारू द्या,” ती म्हणाली.

चौकीत रत्ना भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, केसांत अजून भाताचा भुसा.

“रत्ना, तुला बापाला करंट द्यायचाच असता, तर डोक्याच्या कुठल्या बाजूला दिला असतास?”

“डावीकडं. उजवं अंग गेलं म्हंजी बिघाड डाव्या मेंदूत आसतो. उंदरांचं रोज बघते की मी.” मग तिचा आवाज फुटला. “मनात लई यायचं डॉक्टर. उंदीर पंजानं साखरंची गोळी उचालतो त्याचा व्हिडिओ मी बाबाला दाखवला व्हता. त्यो बघून बाबा आपला हात हालवायला जायचा. पर मी नाय नेली डबी. दुपारी पानी पाजाया गेले तवा बाबा चांगला व्हता, हासला माझ्याकडं.”

“तो व्हिडिओ तुझ्याशिवाय कुणाला माहीत होता?”

“आमच्या अश्विनी म्याडमला. दिवाळीत आमच्याकडं फराळाला आल्या व्हत्या. बाबा त्यांना म्हनला, उंदराला देता, मला बी द्या की. आमी समदी हासलो.” रत्ना थांबली. “म्याडम नाय हासल्या.”

३

करवंदवाडीचा रस्ता डिंभे धरणाच्या कडेकडेनं वर चढतो. मोहिनीनं गाडी शेवटच्या वळणावर ठेवली आणि ती चालत गेली. ह्या वाडीतल्या निम्म्या गाई तिच्या हाताखालून गेल्या होत्या, त्यामुळे कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

दादाभाऊ पडवीत बसला होता. त्याचं सरळ होतं. “मी म्हनत व्हतो द्येवऋषाकडं न्या. पोरगी ऐकंना. शिकल्याली ना! आता बसली तिकडं.” पुतणीवर त्याचा राग होता, पण तो बोलताना सारखा डोळे पुसत होता, आणि डबीचं बटण कुठं असतं हेही त्याला सांगता आलं नाही.

गोजरबाई आत चुलीपाशी होती. चूल पेटलेली नव्हती. मोहिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

“काय काय झालं त्या दिवशी? सकाळपासून सांगा.”

“सकाळी नव्याचा भात केला व्हता. पयला भात झोडला की पयला घास द्येवाला आन दुसरा घरधन्याला. त्यांना उचालता येत नाय, म्हनून मी माझ्या हातानं भरवला. दुधात कालवून. वाडगाभर खाल्ला. लई दिसांनी पोट भरून जेवलं.” ती थोडी हसलीसुद्धा. “मंग समदी वाडी खळ्यावर गेलो. मधी रत्ना पानी पाजून आली. मी सांजंला आले तर अंगावर दोन घोंगड्या. एवढं ऊन, आन दोन घोंगड्या! मी तर एक बी घातली नव्हती.”

“रत्नानं घातल्या असतील?”

“नाय म्हनती ती. थंडी वाजली आसंल त्यांना. पर उजवा हात हालत नाय, तर दोन दोन घेतल्या कशा?”

हा प्रश्न पोलिसांना कुणी सांगितला नव्हता, कारण पोलिसांनी गोजरबाईला काही विचारलंच नव्हतं.

“आणि डोळे? मिटलेले होते?”

गोजरबाईचा चेहरा एकदम बदलला. तिनं लुगड्याचा पदर पुढे ओढला आणि दोन्ही हातांत धरला. “उघडं व्हतं. आन पान्यानं डबडबल्यालं. लकवा झाल्यापून त्यांना धड रडता बी येत नव्हतं डॉक्टर, तोंडच वाकडं व्हायाचं. पर जाताना रडलं. माझी आठवन काढून रडलं आसनार. मी ह्याच पदरानं पुसलं.” तिनं पदराचा कोपरा दाखवला. “धुनार नाय मी हा. मरंपातुर नाय धुनार.”

मोहिनी पदराकडे बघत राहिली. कोपऱ्यावर दोन डाग होते, अजून ओलसर दिसणारे. मध्ये दोन दिवस ऊन-वारा लागून गेला होता, आणि डाग वाळले नव्हते.

तिला त्या क्षणी काहीच सुचलं नाही. पण खाली गाडीपर्यंत चालताना तिच्या पायांखालचा रस्ता तिला दिसत नव्हता.

४

प्रयोगशाळा म्हणजे जुनी पोल्ट्री होती. कोंबड्यांची लांबलचक शेड, आता आत फरशी, थंड हवा आणि पिंजऱ्यांच्या रांगा. पांढरे उंदीर, प्रत्येकाच्या डोक्यावर शेंगदाण्याएवढी प्लास्टिकची टोपी.

शौर्य वाघ हा डबी बनवणारा इंजिनिअर. पंचविशीचा, घाबरलेला.

“डबी टेबलावरच असायची मॅडम, तिला कुलूप नव्हतं. पण मी उंदराला हातसुद्धा लावत नाही. रक्त बघितलं की मला घेरी येते, सगळे हसतात मला.”

“करंट लुळ्या पंजाच्या उलट्या बाजूला देता ना?”

“निम्म्यांना. म्हणजे बिघडलेल्या बाजूला.” त्यानं आजूबाजूला पाहिलं. “निम्म्यांना चांगल्या बाजूला देतो. अश्विनी मॅडमचं म्हणणं आहे, झटका फार मोठा असेल तर बिघडलेल्या बाजूत जागं करायला काही उरलेलंच नसतं. मग चांगल्या बाजूला शिकवायचं. आणि खरंच, तेच उंदीर जास्त सुधारलेत.”

“हे रत्नाला माहीत आहे?”

“छे! पंजा मोजायचं काम तिचं. मोजणाऱ्याला कळलं की त्याची नजर लबाडी करते. तिला वाटतं सगळ्यांना एकाच बाजूला देतो. प्रत्येक टोपीत दोन्हीकडच्या तारा असतात, बाहेरून ओळखू येत नाही.”

म्हणजे ज्यानं बहिरूची उजवी बाजू भादरली, तो अडाणी नव्हता. तो रत्नापेक्षा जास्त जाणणारा होता. मोहिनीनं हे मनातच ठेवलं आणि ती आतल्या खोलीत गेली.

प्रयोगशाळेची प्रमुख डॉ. अश्विनी कारंडे टेबलाशी उभी होती. चाळिशी उलटलेली, सडपातळ, दमलेली. वीस वर्षं तिनं उंदरांखेरीज कशावर काम केलं नव्हतं. गळ्यात ओळखपत्राच्या फितीला एक किल्ली लोंबत होती. “बोला डॉक्टर, हात चालू राहिले तर चालतील ना? रत्ना नाही, सगळं मलाच बघावं लागतंय. फार वाईट झालं तिचं.”

“चालू द्या.”

अश्विनीनं पिंजऱ्यातून उंदीर उचलला. तो अजून दाणा कुरतडत होता. टेबलावर भरून ठेवलेल्या सिरिंजनं तिनं त्याला इंजेक्शन दिलं, आणि तो सैल पडल्यावर डोक्यावरचे केस मशिननं कापले. कापलेला प्रत्येक केस चिकटपट्टीनं टिपून घेतला, एकही राहू दिला नाही. मग भिंतीतलं कपाट गळ्यातल्या किल्लीनं उघडून एक बारीक ट्यूब काढली.

“भुलीत उंदराच्या पापण्या मिटत नाहीत,” ती सहज म्हणाली. “डोळे कोरडे पडतात. म्हणून मलम.” उंदराच्या दोन्ही डोळ्यांत तिनं थेंब थेंब मलम सोडलं. लाल डोळे पाण्यानं भरल्यासारखे चमकले. “आणि भुलीत अंग गार पडतं, म्हणून ऊब.” तिनं त्याच्यावर लोकरीचा तुकडा पांघरला.

मोहिनीनं फोन काढला आणि चांगदेवला एवढंच सांगितलं, “ताबडतोब इकडे या.”

५

चांगदेव आले तेव्हा उंदीर शुद्धीवर येत होता. मोहिनी अश्विनीसमोर बसली. तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती, आणि तेच जास्त भीतिदायक होतं.

“बहिरूला करंटनं मारलं नाही. त्याला आधी भूल दिली होती. जाग्या माणसावर भर उन्हात कुणी दोन घोंगड्या टाकत नाही, आणि जाग्या माणसाच्या डोळ्यांत मलम लागत नाही. त्याचे केस घरात सापडले नाहीत, कारण ज्यानं कापले त्याला केस टिपून घ्यायची सवय आहे. करणी वगैरे काही नाही, नुसती सवय. दादाभाऊला बटण माहीत नाही. शौर्य सुई धरू शकत नाही. रत्नाला चांगल्या बाजूचा प्रयोग माहीतच नाही, तिनं डावीकडे भादरलं असतं. आणि भुलीचं औषध व मलम ज्या कपाटात आहे, त्याची एकच किल्ली आहे.”

अश्विनीनं गळ्यातल्या किल्लीला हात लावला, मग काढून घेतला. “ही सगळी तुमची कल्पना आहे. मी त्या दिवशी मंचरला गेले होते, बँकेत. आणि समजा कुणी भूल दिलीच असेल, तर इतक्या कमी औषधानं माणूस मरत नाही.”

“नाही मरत,” मोहिनी म्हणाली. “रिकाम्या पोटी नाही मरत. पण त्या दिवशी नवं होतं. गोजरबाईनं त्याला वाडगाभर दूधभात भरवला होता.”

पिंजऱ्यांतून फक्त दाणे कुरतडल्याचा आवाज येत होता. अश्विनीच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरत गेलं.

“जेवला होता?” ती पुटपुटली. “तो... जेवला होता?”

“तुम्ही विचारलं नाहीत. मी कुत्र्याच्या मालकालाही विचारते, माणसाच्या डॉक्टरला तर ते विचारायचं शिकवावंही लागत नाही. पण उंदराला विचारायची गरजच नसते, कारण उंदराला उलटी होतच नाही. त्याला भरल्या पोटी भूल दिली तरी चालतं. वीस वर्षं तुम्ही तेच केलंत.”

अश्विनी खाली बसली. “मला वाटलं औषध जास्त झालं,” ती म्हणाली, जणू समोर कुणी नव्हतंच. “तोच म्हणाला होता मला, उंदराला देता, मला द्या की. परवानगी मिळायला किती वर्षं गेली असती माहितीये? तोवर तो... फक्त एकदा बघायचं होतं. बोट हललं असतं त्याचं. त्याला दुखू नये म्हणून भूल दिली मी.”

“आणि डबी? ती कणगीत पोरीच्या नावानं ठेवली, तेही तिला दुखू नये म्हणून?”

अश्विनी उठली, तिनं चष्मा पुसला, आणि ती निराळ्याच, कोरड्या आवाजात म्हणाली, “मी काहीही कबूल केलेलं नाही. माझ्या वकिलांशी बोला.”

बाहेर आल्यावर चांगदेवनं कपाळाचा घाम पुसला. “मी ऐकलंय कानांनी, पण तोंडचं बोलणं ती उद्या फिरवेल. रक्तात भूल सापडली तरी वकील म्हणेल पोरीनंच टेबलावरची सिरिंज चोरून टोचली. ते कुलपातलं मलम बहिरूच्या डोळ्यांत होतं, हे दाखवता आलं पाहिजे. पण डोळे तर बायकोनं आधीच पुसलेले.”

“हो,” मोहिनी म्हणाली. “पदरानं पुसले.”

आणि तिला वाटलं, हे काम दुसऱ्या कुणावर टाकता आलं तर किती बरं होईल.

६

गोजरबाई अजून त्याच जागी बसली होती. चूल अजून पेटलेली नव्हती. चांगदेव बाहेर थांबले.

मोहिनीनं तिला सगळं सांगितलं. ती आयुष्यात कधी इतकं हळू बोलली नव्हती. भूल कशी दिली, पोटातला भात श्वासनळीत कसा गेला, घोंगड्या कुणी घातल्या, रत्ना कशी सुटेल. आणि शेवटी, मान खाली घालून, “पदरावर आहे ते पाणी नाही, गोजरबाई. मलम आहे. म्हणून वाळलं नाही.”

“म्हंजी ते रडलं नाय?”

“नाही. त्यांना काही कळलंच नाही. झोपेतच गेले.”

गोजरबाईनं पदराचा कोपरा उघडून पाहिला. बराच वेळ ती त्या डागांवरून अंगठा फिरवत राहिली. तेलकट होते. तिलाही ते आधीपासून कळलं असावं, पण माणसाला जे हवं असतं तेच तो बघतो.

“आन भात?” तिनं विचारलं. “तुमी मगाशी भाताचं बोलला. मी भरवला नसता तर?”

मोहिनीला खोटं बोलता आलं असतं. पण खटला उभा राहिला की हे सगळं चारचौघांत निघणार होतं, आणि तेव्हा कुणा परक्यानं तिला सांगावं हे मोहिनीला सहन झालं नसतं.

“नसता भरवला तर कदाचित वाचले असते. पण विचारायचं काम तिचं होतं. तिनं विचारलं नाही. तुम्ही नवऱ्याला पहिला घास भरवलात, त्यात तुमचं काहीही चुकलं नाही.”

गोजरबाईनं भिंतीवरचा विळा काढला, पदराचा तो कोपरा ताणून धरला आणि एका झटक्यात कापला. कापड फाटल्याचा आवाज त्या घरात फार मोठा वाटला. तुकडा घडी करून तिनं मोहिनीच्या हातावर ठेवला. “न्या. पोरगी आना माझी.”

मोहिनी उठली नाही. तिला दिसत होतं की गोजरबाईची नजर कोपऱ्यातल्या सुपाकडे गेली आहे. सुपात नवे तांदूळ होते.

“रत्ना आली की तिला काय घालू?” गोजरबाई म्हणाली. “घरात ह्योच तांदूळ हाय. आता ह्याला हात लावायची भ्या वाटतं मला. कोन खानार ह्यो भात?”

मोहिनीनं कापडाचा तुकडा जपून पिशवीत ठेवला. मग ती पुन्हा जमिनीवर नीट मांडी घालून बसली.

“मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही,” ती म्हणाली. “चूल पेटवा. मला वाढा.”

गोजरबाईनं सूप पुढे ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले. काटक्यांचा धूर घरभर झाला, भाताला कढ आला. बाहेर चांगदेवनं बूट काढले आणि तेही येऊन पानावर बसले.